रुमालातली फोड

सरलाने कांद्याची फोड रुमालात गुंडाळली, पदर सावरला आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. रविवार दुपारचा खेळ. तंबूत बियरचा आणि ओल्या कोटांचा वास भरला होता. बाहेर फलकावर तिच्या नवऱ्याचं, हिंदुरावचं चित्र होतं. डोक्यावर तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा, खाली मोठ्या अक्षरांत ‘कोल्हापूरचा महाराजा’. आता महाराजा कसला, पाचगावच्या कोरडवाहू रानातला गडी तो. पण जर्मनीत, या श्टुटगार्टात कोण विचारायला बसलंय?

कोल्हापुरात बाईमाणूस तालमीच्या दारावरून जायचं तेसुद्धा मान खाली घालून. इथे मात्र लोमान साहेबांनी, म्हणजे या कुस्त्या भरवणाऱ्या मालकाने, तिला मुद्दाम पुढे बसवली होती. नऊवारी, मोठं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. तिसऱ्या फेरीत नवरा पडला की उठायचं, पदर तोंडावर घ्यायचा आणि रडायचं. कुणी कधी पडायचं तेही लोमान साहेबच ठरवत. बायको रडते म्हणून लोक पुन्हा येतात, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या आठवड्यात कांदा लागला नव्हता. पैलवानाची पाठ टेकली की तो मेलाच, आणि इथे तर ठरवून टेकवायची. खोलीवर आला की हिंदुराव भिंतीकडे तोंड करून रडायचा. सरला ओल्या फडक्याने त्याची पाठ पुसत बसायची. माती कुठे होती पुसायला? तरी पुसायची. त्याला आता सहा आठवडे झाले. पाठ रोज टेकते. दोघं मुकाट्याने जेवून घेतात. कुणालाच काही वाटत नाही, तेवढीच काय ती सोय.

“वहिनी, नमस्कार.” मागच्या खुर्चीवरून भास्कर वाकला. हा सांगलीचा इंजिनियर, जवळच्या झिंडेलफिंगेन गावी मोटारींच्या कारखान्यात काम शिकायला आलेला. एके काळी तालमीत घुमलेला, म्हणून आपल्या मुलखातल्या पैलवानाची कुस्ती बघायला आवर्जून आला होता. आतली ठरवाठरवी त्याला कुणी सांगितली नव्हती. सरलानेही सांगितली नाही. काय सांगणार?

दुसऱ्या फेरीत ओटोने हिंदुरावला खांद्यावर उचललं. हा ओटो पेशाने खाटीक, पण मनाने देवमाणूस. हिंदुरावला आपटायचा तोही बाळाला पाळण्यात ठेवल्यासारखा. आज त्याचा पाय घसरला. हिंदुराव उजव्या खांद्यावर आदळला आणि तसाच पडून राहिला.

ही तर दुसरीच फेरी, सरलाच्या मनात आलं. बदललं असेल काहीतरी. आपल्याला कोण सांगतंय? ती उठली, पदर ओढला, रुमाल डोळ्यांशी नेला. शेजारची म्हातारी हळहळली. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“वहिनी, खांदा गेलाय त्यांचा.”

“बसा भावजी,” ती पदराआडून म्हणाली. “हे असंच असतं.”

“अहो, पैलवान असा हात अंगाखाली घेऊन पडत नाही. बघा तरी.”

तिने पदर बाजूला केला. नवरा पडला की ओटोने दोन्ही हात वर करून तिच्याकडे बघून गुरगुरायचं, असं ठरलेलं होतं. आज ओटो गुडघ्यांवर बसला होता आणि डॉक्टरांना हाका मारत होता. तेव्हा तिला कळलं.

हिंदुरावला उचलून तंबूच्या मागे बाकावर निजवलं. डॉक्टरांनी खांदा चाचपला, हात हलवून बघितला. मग ते हळू आवाजात बराच वेळ बोलले. हिंदुरावला जर्मन येत नव्हतं, सरलाला चार शब्द येत होते. दोघंही भास्करच्या तोंडाकडे बघत राहिली.

“हाड दोन ठिकाणी मोडलंय,” भास्कर म्हणाला. “आता दवाखान्यात नेतील. हात बरा होईल म्हणतात, जेवणाखाण्याला, कामाला. पण...”

“पण काय?” हिंदुरावने विचारलं.

“कुस्ती नाही आता.”

एवढा धिप्पाड ओटो, पण कोपऱ्यात तोंड फिरवून हुंदके देत होता. लोमान साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. भास्करने चष्मा काढून पुसला. मग एकेक करून सगळे सरलाकडे बघायला लागले.

तिला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं कळत होतं. वयाच्या आठव्या वर्षापासून या माणसाने दुसरं काही केलं नव्हतं. आणि तिच्या मनात काय आलं, तर खोलीवर तांदूळ भिजत घातलेत, ते फुगून जातील. तिची तिलाच लाज वाटली.

ती बाकाशेजारी बसली. मुठीत रुमाल तसाच होता. फोड अजून ओली होती. तिने रुमाल डोळ्यांशी धरला, रोज खुर्चीपुढे उभी राहून धरायची तसाच. लोकांनी माना खाली घातल्या.

हिंदुरावला कांद्याचा वास आला. त्याने तिच्याकडे मान वळवली. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

“अगं,” तो म्हणाला, “इकडं दे जरा.”

आणि डाव्या हाताने रुमाल घेऊन त्याने आपल्या डोळ्यांवर धरला.