सूट

"बाई, तुमच्यासाठी सूट आहे," काउंटरपाशी उभा असलेला माणूस म्हणाला.

लाँड्रीवाल्या बाईंनी मान वर न करता पावतीपुस्तक ओढलं. "ठेवा इथे. शुक्रवारी मिळेल."

"तसला सूट नाही," तो ओशाळला. "पैशातली."

तो वसुली कंपनीचा माणूस होता. बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने संसाराच्या सुरुवातीला फ्रिज आणि सोफा हप्त्यांवर घेतला होता. काही हप्ते भरले, मग थांबले. दुकानाने ते कर्ज एका कंपनीला विकलं, तिने दुसरीला. आता जुनी कर्जं घाऊक भावात घेणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे ती फाइल आली होती. एक तृतीयांश रक्कम एकदम भरली की प्रकरण कायमचं बंद, असं त्याचं म्हणणं होतं.

हप्ते का थांबले, असं त्याने जपून विचारलं.

"हे गेले," बाई म्हणाल्या. "त्याच महिन्यापासून."

त्याने नजर खाली घेतली. घाई नाही, विचार करून सांगा, असं पुटपुटत त्याने आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि तो निघाला. माणूस वाईट नव्हता.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. त्याने कार्ड वाचलं आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. इतक्या वर्षांनी कुणी तोंड वर करून पैसे मागायला येतं, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"फ्रिज आपण वापरला ना," बाई म्हणाल्या. "अजून वापरतोय."

"वापरला तो भावजी असताना. ते गेल्यावर तू एकटीने दुकान चालवलंस, त्यांच्या आईचं सगळं केलंस. तेव्हा कोण आलं होतं विचारायला? आता यांचा पुळका नको, ताई."

भाऊ गेल्यावर त्यांनी डब्यातून कार्ड काढलं, फडक्याने पुसलं आणि गल्ल्यात ठेवलं. ज्या दुकानातून फ्रिज घेतला त्याच्यासमोरून जाताना अजूनही त्यांचे पाय भराभर उचलले जात. तिथले लोक कधीच बदलले होते, तरीही.

दोन दिवसांनी त्या वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंचे काळे कोट त्यांच्याच लाँड्रीत यायचे, त्यामुळे फी घेणार नाही हे आधीच ठरलेलं होतं. कराराची प्रत वाचून वकीलबाई हसल्या. मुदत केव्हाच टळली होती. कोर्टात हे कर्ज उभंही राहणार नव्हतं.

"न दिलंत तर कायदा तुम्हाला काही करत नाही," त्या म्हणाल्या. "मनाला लागत असेल तर सवलतीत मिटवा, आणि बंद केल्याचा कागद घ्या. फक्त एक करू नका. एखादाच हप्ता भरून कबुलीची सही देऊ नका. कराराच्या अटीनुसार मेलेलं कर्ज त्या सहीने पुन्हा जिवंत होतं. सगळं, व्याजासकट."

"जिवंत झालं की ते काय करतात?"

"मग हात धुऊन मागे लागतात. आत्ता ती फाइल म्हणजे रद्दी आहे, तिच्यावर कोण खर्च करणार? पण एकदा का पैसे निघणार असं दिसलं, की माणसं लावतात. घर, नोकरी, बँकेतलं खातं, पाहुणेरावळे, सगळं खणून काढतात."

"खरंच काढतात?"

"अहो, आमच्या एका पक्षकाराने गाव बदललं, नाव बदललं, दाढी वाढवली. तरी दारात जाऊन उभे राहिले."

बाईंनी करार पुढे ओढून त्याचं शेवटचं पान उघडलं. त्या घाबरल्या असं वाटून वकीलबाईंनी पाणी मागवलं.

तो आठवडा बाईंचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा शर्ट दुसऱ्याच्या पिशवीत गेला. एका बाहीवर इस्त्री जरा जास्त टेकली आणि नुकसान भरून द्यावं लागलं. भावाला चाहूल लागली. मग तो समजुतीच्या सुरात बोलला. एवढंच खुपत असेल तर सवलतीची रक्कम तो स्वतः भरायला तयार होता. त्याने तेवढे पैसे काढूनही आणले.

बाईंनी ते परत केले. सवलत घ्यायचीच नाही, असं त्यांनी सांगितलं. एक हप्ता भरायचा आणि पूर्ण रकमेच्या कबुलीवर सही करायची.

भावाला आधी ती थट्टा वाटली. मग तो चिडला. इतका सच्चेपणा माणसाला भिकेला लावतो, असं म्हणाला. तरी ठरल्या दिवशी तो त्यांच्याबरोबर कंपनीच्या कचेरीपर्यंत आला. आत मात्र आला नाही.

वसुलीवाल्यालाही ते पटेना. त्याने दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात समजावलं, की हे त्याने बोलू नये, पण सवलत घेण्यातच त्यांचं हित आहे.

"मला कळतं," बाई म्हणाल्या. "कुठे सही करू?"

त्याने जागा दाखवली. बाईंनी सावकाश, सुवाच्य सही केली, हप्त्याचे पैसे मोजून दिले आणि पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग करार त्याच्याकडे वळवून त्यांनी आपल्या जुन्या सहीशेजारच्या दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं.

"ही ह्यांची. भाजी आणतो म्हणून घरातून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोलिसांनी शोध सोडला, घरच्यांनीही सोडला. पैसे बुडवून गेलेल्या माणसाला तुम्ही सोडत नाही, असं ऐकलंय."