कोपऱ्यातले बोल्ट

“भिया, पलंगाचे कोपरे खाचा पाडून पक्के जोडू की बोल्ट लावू?” मिस्त्रीने विचारलं.

“बोल्टच लाव. अण्णा चार महिनेच राहतील, मग खोलून माळ्यावर टाकता येईल,” मी म्हणालो.

धारला दादाकडची पाळी संपवून अण्णा देवासला माझ्याकडे आले. वडिलांची उभी हयात सुतारकामात गेलेली. पलंगावर बसण्याआधी त्यांची बोटं कोपऱ्यावरून फिरली आणि बोल्टपाशी थांबली.

“जिना अरुंद आहे ना, म्हणून...” मी घाईघाईने म्हणालो.

“असू दे रे,” म्हणत त्यांनी पिशवीतून बोल्ट खोलायचा पाना काढला आणि उशाशी ठेवला.

 

“दादाकडचाही असाच आहे. निघताना मीच खोलून देतो.”