आईचा ठेवणीतला झगा

आपल्या आईचा ठेवणीतला झगा संग्रहालयाच्या स्वाधीन करून आजी निघाल्याच होत्या. त्यांच्यामागे तो जपायला घरात कुणी नव्हतं. वस्त्रदालनातल्या ताईंनी मांडण्याआधी झगा उलटा करून पाहिला.

"कंबर तीनदा उसवून सैल केलीय आणि दर वेळी पुन्हा आत घेतलीय. पोटुशी असताना बायका असंच करायच्या. तुम्ही तिघं भावंडं ना?"

"छे, मी एकुलती एक. जन्मभर एकटीच खेळले, एकटीच रुसले."

ताईंनी झगा त्यांच्यापुढे सरकवला. आजी परत खुर्चीत टेकल्या. सुईच्या भोकांच्या ओळींवरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

"यातली माझी ओळ कुठली, सांगता येईल का हो? मी थोरली, मधली की धाकटी, एवढं तरी कळू दे."