गुरुवारचं सोपं गाणं

चिझुरूच्या कागदावर तीन गाणी होती, आणि तिन्ही हातची गेली.

पहिलं, शाळेच्या निरोपसमारंभाचं, सुमिरेच्या आईनं म्हटलं. दुसरं, शेवटच्या बसचं, काएदेच्या आईनं. इत्सुकीच्या आईनं माइक उचलला आणि तिसऱ्याचे सूर सुरू झाले, तेव्हा चिझुरूनं कागद मुठीत चुरगळला. आठवडाभर बाळ झोपलं की ती हीच तीन घोकत होती. चाल संथ, वर चढायचं नाही, शब्द थोडे. सोपी गाणी सगळ्यांनाच सोपी असतात, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि एकीनं म्हटलेलं गाणं त्या दिवशी दुसरीनं घ्यायचं नाही, एवढी रीत तिलाही ठाऊक होती.

दुपारचे तीन वाजले होते. काराओकेच्या या खोलीला खिडकी नव्हती. जमिनीवर मऊ गादी, गादीवर चार मुलं, दाराशी बुटांची रांग. तिचा दहा महिन्यांचा रित्सु बाकीच्यांकडे पाठ करून एकच ठोकळा उलटसुलट करत बसला होता.

"हाकेला वळून बघतो का?" तपासणीच्या दिवशी आरोग्यसेविकेनं विचारलं होतं. चिझुरूनं नकारार्थी मान हलवली. सेविकेनं काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, "चार मुलांत नेत जा त्याला." म्हणून तर ती तीन आठवडे बागेत या तिघींच्या शेजारच्या बाकावर बसून राहिली होती, बोलावणं येईपर्यंत.

"इत्सुकीच्या आई, आवरा आता! तुमच्या त्या रेंगाळत्या सुरानं बटाटे गार पडले," काएदेची आई म्हणाली.

"पडू देत. मघापासून तुम्हीच तर खाताय ते."

तिघी हसल्या. चिझुरूही हसली, थोडी उशिरा.

"चला, आता नव्या आई." सुमिरेच्या आईनं गाणं निवडायचा टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. "सोपंसं घ्या हो. इथं कोण परकं आहे?"

नव्या आई. इथं प्रत्येकीला मुलाच्या नावानं ओळखत, पण तिच्या मुलाचं नाव अजून कुणी विचारलंच नव्हतं. चिझुरूनं जुनी यादी उघडली, या खोलीत याआधी काय काय म्हटलं गेलं त्याची. 'हळूहळू ये'. मागच्या गुरुवारचं. त्याच्या आधीच्या गुरुवारीही तेच. ती बोटानं सरकवत गेली. दर गुरुवारी, एकदाच. गाणं तिच्या कानावरचं होतं, सुपरमार्केटात भाज्यांपाशी वाजायचं. कुणीतरी दर आठवड्याला म्हणतं म्हणजे सोपंच असणार. आणि आज ते अजून कुणी घेतलं नव्हतं.

तिनं बटण दाबलं.

पहिले सूर उमटले आणि काएदेच्या आईचा हात बटाट्यांच्या ताटलीवर थांबला. मग तिघी एकदमच सरकल्या. मध्ये एक जागा झाली. ती आपल्यासाठीच आहे हे चिझुरूला कळलं. ती तिथं बसली आणि गायली. दुसऱ्या कडव्यात एका ओळीवर अडखळली.

"तिथं अडखळतातच त्या," काएदेची आई हळूच म्हणाली.

गाणं संपलं. पडद्यावर गुण आले. त्र्याहत्तर.

"त्र्याहत्तर!" इत्सुकीच्या आईनं टाळी दिली. "एक इकडे नाही की तिकडे. नेहमीचेच."

"कुणाचे नेहमीचे?"

"तुमचे की, मिओच्या आई."

चेष्टा असेल, म्हणून चिझुरू हसली. "माझ्या मुलाचं नाव रित्सु. मिओच्या आई आज आल्या नाहीत का? त्यांचं गाणं होतं का हे?"

तिघी तिच्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, उलट मायाच होती त्या बघण्यात.

"दमलाय तुम्ही," इत्सुकीची आई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. हात उबदार होता. आपल्या पाठीवरून असा हात कुणी शेवटचा कधी फिरवला, ते चिझुरूला आठवेना. तिनं अंग काढून घेतलं नाही.

सुमिरेच्या आईनं पिशवीतून एक छोटी पिवळी टोपी काढली. "मागच्या वेळी विसरून गेलात." आणि वाकून ती रित्सुच्या डोक्यावर घातली.

चिझुरू अर्धी उठली. परक्याचं बोट जरी लागलं, तरी तो आकांत मांडायचा. तो रडला नाही. टोपी अगदी त्याच्या मापाची होती.

"मिओ," सुमिरेच्या आईनं हाक मारली, "आई कुठंय? दाखव बरं, आई."

रित्सुनं ठोकळा खाली ठेवला. मान वळवली. आणि सरळ चिझुरूच्या डोळ्यांत बघितलं.

"हाकेला वळतो की चांगला! उगीच जिवाला घोर लावून घेता."

तपासणीतली ती गोष्ट चिझुरूनं इथं कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हती.

"रित्सु," तिनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "रित्सु."

पिवळी टोपी पुन्हा ठोकळ्यावर झुकली होती.

भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपायला दहा मिनिटं. सुमिरेच्या आईनं उचलला. "हो, आवरतोच आम्ही. आणि पुढच्या गुरुवारी हीच खोली ठेवा. नेहमीसारख्या चौघी." तिनं रिसीव्हर छातीशी धरला आणि चिझुरूकडे वळून विचारलं, "येणार ना?"

चिझुरू गादीवर गुडघे टेकून बसली. टोपीचा रबरी बंद सुटा लोंबत होता. तिनं तो मुलाच्या हनुवटीखाली नीट बसवला, काचणार नाही असा.

"किती वाजता?" तिनं विचारलं.