हलकं नाणं

वजनकाट्याची काचेची दारं सरकवून बंद केली आणि आकडे स्थिर व्हायची वाट बघत दोघं भाऊ-बहीण उभी राहिली. ८.७६३४ ग्रॅम. थोरल्याने आकडा मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला, बहिणीला दिसलाच नसावा तसा.

औषधांच्या कारखान्यातली ही प्रयोगशाळा शनिवारी दुपारी रिकामी असायची. एरवी ती इथे दिवसभर गोळ्यांची वजनं घ्यायची. घरची कामं कामाच्या काट्यावर करायची नाहीत, असं तिने आधी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. पण त्याच्या वर्कशॉपला टाळं लागल्यापासून गेले आठ महिने तो तिच्याच घरी राहत होता, आणि खोके बनवणाऱ्या कारखान्यातलं काम घेणार की नाही, ते आज चारच्या आत कळवायचं होतं. आधी वजन, मग बघू, एवढंच तो सकाळपासून म्हणत होता. तिचा नवरा काही बोलला नव्हता. तो हल्ली बोलतच नसे, आणि तेच तिला जास्त जड जात होतं.

पाचाचं नाणं. नवं कोरं असताना नऊ ग्रॅम. इंटरनेटवर असल्याच एका हलक्या नाण्याला लोक चार लाख ऐंशी हजार मागत होते. टाकसाळीची चूक, लाखात एखादं सापडतं, असं खाली लिहिलेलं असे. त्यानेही आपलं नाणं सहा महिन्यांपूर्वी विकायला टाकलं होतं. किंमत चार साठ ठेवली, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल. उणीव होती ती फक्त वजनाच्या पुराव्याची. काट्याशेजारच्या यंत्रातून छापील चिठ्ठी बाहेर आली, तेव्हा त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

यावर कंपनीचा शिक्का मारता येणार नाही, असं तिने सांगितलं. मग निदान तुझी सही कर, तो म्हणाला.

ती वाद घालत बसली नाही. पर्समध्ये पाचाची दोन नाणी निघाली, एक शेजारच्या टेबलाच्या खणात पडलेलं होतं. तिन्ही तिने चिमट्याने एकेक करून काट्यावर ठेवली. ८.८१. ८.७९. तिसरं ८.७४, म्हणजे त्याच्या नाण्यापेक्षाही हलकं.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला. मग आपलं नाणं उचलून त्याने कडेवरून अंगठा फिरवला. बावीस वर्षं लेथवर काढली होती. मायक्रोमीटर लावायच्या आधी नुसत्या बोटाने माप सांगायचा, म्हणून तिथे लोक त्याला गमतीने डॉक्टर म्हणत.

"झीज," तो म्हणाला.

"हो."

"मग एवढे लोक चार ऐंशी मागतात ते काय, सगळेच खुळे?"

मागायला काय जातं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि त्याचा फोन मागून घेतला. अशा नाण्याच्या सात जाहिराती होत्या. तिने प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. नाण्यावरच्या आकड्याच्या खाली, कडेला, एक बारीक टवका उडालेला होता. मागच्या निळ्या टेबलक्लॉथची एक दशी सुटलेली होती. सात विकणारे, सात वेगळी गावं. टवका तोच आणि दशीही तीच. आठवी जाहिरात तिच्या भावाची होती. तिथेही टवका होता.

तिने वर पाहिलं. आपल्या फोनवर फोटो धुरकट येत होता, त्याने सांगितलं, म्हणून एकाचा चांगला, स्वच्छ बघून उचलला. नाणं काय, तेच की. सगळे तसंच करत अस... तो तिथेच थांबला.

चारला दहा मिनिटं असताना त्याने फोन लावला. पलीकडच्या माणसाने अनुभव विचारला असावा, कारण तो लेथबद्दल सांगू लागला आणि मध्येच गप्प झाला. इथे फक्त खोक्यांना टेप मारायची असते, पण आठ तास उभ्याने, असं त्याला सांगण्यात आलं. उभं राहायची सवय आहे, तो म्हणाला. सोमवारी सकाळी सातला येतो.

फोन खाली ठेवतो न ठेवतो तोच वाजला. जाहिरातीवर कुणाचा तरी संदेश आला होता. सहा महिन्यांतली पहिलीच चौकशी. चष्मा घरी राहिलेला, म्हणून त्याने फोन तिच्याकडे दिला.

विचारणारा त्या सातांपैकीच एक होता. तिने वाचून दाखवलं: "तुमचं गेलं का? माझं वर्ष झालं तसंच पडून आहे. घरचे रोज विचारतात."

ती लगेच उत्तर लिहायला लागली. वजनं, झीज, फोटो, सगळं क्रमाने. लिहिताना ते मोठ्याने म्हणतही होती. त्याने तीन ओळी ऐकून घेतल्या.

"अगं, एवढं नको. गेलं म्हणून लिही."

"दादा, खोटं कशाला?"

टेबलावरची चारही नाणी तो एका हाताने दुसऱ्या तळहातावर ओढत होता. त्यातलं त्याचं कुठलं, ते आता बघून कुणाला सांगता आलं नसतं.

"लिही गं," तो म्हणाला. "घरच्यांना दाखवायला होईल त्याला. तोही कुणाच्या तरी घरी जेवत असेल."