टेम्पोच्या वाट्याचं गोडं पाणी

"प्यायचं पाणी टेम्पोला, वहिनी?" धाकट्या दिराने विचारलं. येताना भंगारवाल्यालाच सोबत घेऊन आला होता.

मी टेम्पोखाली आडवी पडून घासत होते. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी रोज ठिबकतं आणि खालचा लोखंडी सांगाडा खातं. नवरा टेम्पो रोज धुवायचा, अगदी मनापासून, पण खाडीच्या पाण्याने. पहिला टेम्पो तीन वर्षांत कुजला. दुसरा घेतला आणि सहा महिन्यांत नवराच गेला. तेव्हापासून नळाच्या पाण्यातले दोन हंडे टेम्पोचे.

"पाच वर्षं झाली. खालून चाळण झाली असेल. विकून टाका, घरी बसा."

"खाली येऊन बघा की, भावजी."

दिराने पांढरी पॅन्ट सांभाळली. भंगारवाला मात्र आत सरकला आणि हातोडीने सगळीकडे ठोकून बाहेर आला. "हे भंगार नाही," तो म्हणाला. "अजून दहा वर्षं मरत नाही."

"आणि तुमचे गुडघे गेले की चालवणार कोण?" दिराचा आवाज चढला.

"तुमची बायको," मी ब्रश बादलीत बुडवत म्हणाले. "महिनाभर शिकवतेय तिला. रिव्हर्स माझ्यापेक्षा बरा घेते."