फुगडीचे हात

"फरशीकडे बघू नकोस, वहिनी. हात धर," नणंद म्हणाली.

पण तिला फरशीच दिसत होती. तीन महिन्यांपूर्वी याच फरशीवर पडून तिचा खुबा मोडला होता. हाड सांधलं, धीर काही सांधला नाही. सून मायेनं म्हणायची, "आई, उठू नका, सगळं हातात देते." डॉक्टरांनी मात्र काल बजावलं होतं, "आता चालला नाहीत, तर खाट कायमची धराल."

सत्तरीच्या नणंदेनं फुगडीला करतात तशी हातांची फुली करून पुढे धरली.

"वन्सं, पडेन हो मी!"

"पड की. मीही पडते. सूनबाई दोघींना उचलेल."

तिला हसू आलं. तिनं ते हात घट्ट धरले. खाटेवरून उठून ती उभी राहिली. एक पाऊल पडलं, मग दुसरं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हातांची थरथर तिची एकटीची नव्हती.

"मीपण गेल्या साली पडले गं," नणंद हळूच म्हणाली. "तेव्हापासून भिंत धरल्याशिवाय चालले नाही."

"मग आता मला सोडू नका," म्हणत, भीत भीत, तिसरं पाऊल तिनंच आधी टाकलं.